मामांचा क्लास ए

जगातल्या यच्चयावत माणसांची ॲम्प्लिफायरच्या वर्गांत वाटणी करून टाकणारा गृहस्थ देवणीत एकच आहे, आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. आम्ही त्यांना मामा म्हणतो. साउंड सर्व्हिसचं दुकान त्यांनी कधीच बंद केलं, पण माणसांची तपासणी चालूच आहे. बोलावल्याखेरीज जागचा न हलणारा त्यांचा जावई क्लास बी. "गाणं आलं की करंट घेतंय, न्हाई तर निजतंय." हाक मारायच्या आधीच अर्धवट उठून बसतो म्हणून मी क्लास एबी, आणि आयुष्यात मला मिळालेला हा सर्वांत मोठा सन्मान आहे. क्लास ए फक्त ते स्वतः. गाणं असो नसो, सदा भरपूर करंट ओढणार आणि तापलेले राहणार. क्लास डीचं नाव काढलं की मात्र त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. "सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होऊन राहिलंय, त्याला काय ॲम्प्लिफायर म्हणतेत?"

मागच्या वर्षी आत्या म्हणाली, "भजनातले शब्द फुटून राहिलेत हो." मामांनी तत्काळ निदान केलं. घरातला ॲम्प्लिफायर क्लास बी. त्यात लाटेचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर उचलतो, खालचा दुसरा, आणि एकमेकांकडे सोपवताना आवाज खरचटतो. मग त्यांनी दोघांनाही जरा जागं ठेवणारा एबी बांधला. आत्या म्हणाली, फुटतंय. मग खुद्द क्लास ए बांधला. तो गप्प असतानाही इतका तापे, की त्याच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांशेजारी विरजण ठेवलं तर दुपारपर्यंत घट्ट दही लागे. दही आत्याला आवडलं. शब्द मात्र फुटतच राहिले. मामांना जेवण जाईना. उभा जन्म गावाच्या लग्नांना आवाज पुरवला आणि घरातल्या एका माणसाला देता येईना, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

शेवटी मीच दोघांना लातूरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. दोष आत्याच्या कानात निघाला. डॉक्टरांनी शेंगदाण्याएवढं यंत्र तिच्या कानात बसवलं. आत ॲम्प्लिफायर कोणता, हे विचारल्याशिवाय मामा कसले राहतात!

"क्लास डी," डॉक्टर म्हणाले. "एवढ्याशा सेलवर दुसरा टिकत नाही."

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते आत्याजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "ऐकू येतंय का गं?"

आत्या त्यांच्याकडे वळली. "येतंय की. पण तुमचा आवाज लई म्हातारा झालाय."

देवणी येईपर्यंत मामा त्याच आवाजात तिच्याशी बोलत होते, आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो होतो.