जोडअंक

शेणवे गावाहून येणाऱ्या त्या पोरीनं मला मदत केली. हे आधी लिहून टाकते, कारण पुढं मी तिच्यावर किती जळत होते तेच जास्त येईल.

मी जालन्याकडची, सातवीत शाळा सुटलेली. नवऱ्याच्या कामापायी शहापूरला आले आणि इथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात शिपाई म्हणून लागले. चार वर्षं कपाटं पुसली, कसर लागू नये म्हणून वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवल्या. इथं ग्रंथालयशास्त्राचा कोर्स आहे, म्हणून ग्रंथालयांवरचीच संशोधनाची जर्नल्स येतात. पुस्तकं कशी लावावीत यावर लोक पानंच्या पानं लिहितात, आणि लावते मी! जर्नल्सचं ते टेबल मला हवं होतं. अंक आला की कार्डावर खूण करायची, वर्ष पुरं झालं की सगळे अंक बाइंडिंगला धाडायचे, एवढंच तर काम. मुरबाडहून येणाऱ्या ग्रंथपाल मॅडमनी ते नव्यानं लागलेल्या त्या पोरीला आठ दिवसांत दिलं. ती बीए. वर रोज आईनं भरलेला डबा. माझी आई तिकडं जालन्यात.

"मावशी, नुसत्या पुसता काय? बसा, वाचा पण," ती म्हणायची. जेवणाच्या सुट्टीत तिनं मला इंग्रजी अक्षरं गिरवायला लावली. व्हॉल्यूम म्हणजे वर्षाचा खंड, इश्यू म्हणजे अंक. एकदा एका लेखावर बोट ठेवून ओरडलीच, "अगो बाय! दमट हवेत कागद कसा टिकवायचा... मावशी, तुमी करता तेच लिवलंय यात. फक्त वेखंड नाय!"

आनंद झाला, आणि रागही आला. काम माझं, अन् ते मला हिनं वाचून दाखवायचं.

मग एका जर्नलचा चौथा अंक येईना. तिनं प्रकाशकाला दोन पत्रं धाडली. त्या अंकावाचून खंड बाइंडिंगला जाईना. एक दिवस धूळ पुसताना मला दिसलं, तिसऱ्या अंकाच्या पाठीवर ३-४ छापलंय. जोडअंक! तिनं कार्डावर तीनच्याच चौकटीत खूण केली होती. मी फडकं फिरवलं आणि गप्प बसले. पंधरा दिवस. खरं सांगते, त्या दिवसांत मला शिळी भाकरीसुद्धा गोड लागली.

शेवटी मॅडम तिला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "एक अंक सांभाळता येत नाही? सोमवारपासून तू काउंटरला. जर्नल्स मावशी बघतील."

पोरीनं कार्डं माझ्यापुढं सरकवली. मान खाली. "घ्या मावशी. इश्यूचा नंबर कुठं बघायचा, ठावं हाय ना? पाठीवर."

ते तिनंच दाखवलं होतं. मी अंक काढून मॅडमपुढं ठेवला. "हा जोडअंक आहे मॅडम. चौथा यातच आहे."

"कधी पाहिलंत?"

"आत्ताच."

पोरगी खळखळून हसली. "मावशी, तुमी नसत्या तर वाट लागली असती माझी!"

टेबल तिचंच राहिलं. त्याच आठवड्यात तिनं माझा बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दिला. ती त्या खुर्चीत बसली की अजून माझ्या छातीत कळ येते. दहावी पास होईन की नाही, याचीही धास्ती आहेच. पण झाले, की पेढा तिच्या हातावर ठेवण्याआधी ते 'आत्ताच' मी मॅडमच्या समोर दुरुस्त करीन. तिच्या उपकारांची फेड तिथून सुरू करीन.