अंड्याची ॲलर्जी आणि शिवलीलाची अज्जी

आमच्या नर्सिंगच्या वर्गात शिवलीला म्हणून एक पोरगी होती, गडहिंग्लजची. पक्की लिंगायत, घरात निम्मं कानडी. कोल्हापुरात राहून तांबड्या रश्श्याकडं ढुंकूनसुद्धा बघायची न्हाई. मी तिथल्याच मंगळवार पेठेतली, मटणावर वाढलेली, आणि वॉर्डननं आमाला एकाच खोलीत टाकलेलं. काय बोलायचं आता!

दोन हजार नऊ साल. पुण्यात स्वाइन फ्लूची बोंब उठलेली. त्याची लस अजून यायची होती, पण आमच्या चौगुले मॅडमनी नेहमीच्या फ्लूची लस मागवली आणि म्हणाल्या, "वॉर्डात जाताय, टोचून घ्या." झालं! रोज पेशंटला "काय होत न्हाई आज्जी, मुंगी चावल्यागत वाटंल" म्हणणाऱ्या आमी सगळ्या भिंतीला चिकटलो. एकीचा म्हणं हात दुखंल, एकीला बघायला पावणं येणार. आमच्यातली सुष्मिता म्हणाली, "फ्लू काय रोग हाय व्हय? शिंकायचं आन् गप पडायचं."

मॅडम तापल्या. "ही लस अंड्यात वाढवतात. अंड्याची ॲलर्जी असेल त्यांनीच सांगा. दुसरं कारण मी ऐकणार नाही."

सगळ्या वर्गानं हात वर केला. सकाळीच मेसमध्ये डबल आमलेट हाणून आलेलो, तरी मीसुद्धा!

मॅडमनी मेसमध्ये रांधणाऱ्या तानाबाईला जाऊन सांगितलं, या पोरींना अंडं बंद, कोर्स संपेपर्यंत. तानाबाई रडकुंडीला आली. "लेकरांनो, इतकं दिस मी तुमाला इष चारलं की गं!" म्हणून तिनं सगळी भांडी चिंच लावून घासली. रविवारी अंडाकरी झाली ती वॉचमननं आणि मॅडमनी खाल्ली. आमच्या ताटात दुध्या. सुष्मिता नुसत्या वासावर भात गिळत होती.

हात वर केला नव्हता तो एकट्या शिवलीलानं. मॅडमनी विचारलंसुद्धा, "अगं, तू तर अंडं खात नाहीस ना?"

"खाल्लंच न्हाई मॅडम, मग ॲलर्जी हाय का न्हाय मला कसं कळणार?"

माझं डोकंच फिरलं. खोलीत आल्यावर झापली तिला. "खरं कारण तुझ्या एकटीकडं हाय, आणि तूच गप?"

तवा ती रडाय लागली. घरी तिची अज्जी दम्यानं अंथरुणाला खिळलेली. हात कापायचे, म्हणून भरवाय लागायचं. सुनेच्या हातनं कसंबसं दोन घास घ्यायची. शनिवारी शिवलीला एसटीनं घरी गेली की मग नातीच्या हातनं पोटभर जेवायची. आणि कडक तर अशी, की अंडं खाणाऱ्याच्या हातचं पाणीसुद्धा प्यायची न्हाई.

"लस न घेता वॉर्डातनं फ्लू घेऊन गेलो, तर अज्जी मरंल," शिवलीला म्हणाली. "लस घेऊन गेलो, तर माझ्या हातचं खायची न्हाई."

"मग सांगू नको की! दंडावर काय कोंबडी उमटत्या व्हय?"

"अनुजा, खोटं बोलून भरवू तिला?"

सोमवारी लस टोचायची वेळ आली, तवा तिनंच पहिल्यांदा बाही वर केली. आमाला काय झालं कुणास ठाऊक. लाज म्हणा, न्हाईतर अंडाकरी म्हणा, सगळ्यांच्या ॲलर्ज्या पटापट बऱ्या झाल्या. सुष्मितानं सुई निघायच्या आधीच विचारलं, "मॅडम, आता आमलेट चालंल न्हवं?"

त्या शनिवारी मी शिवलीलासंगं गडहिंग्लजला गेलो. मला राहवंना. शिवलीला दुधात भाकरी कुस्करून अज्जीसमोर बसली, आणि घास उचलायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. अंडं, लस, सगळं. अज्जीनं ओठ घट्ट मिटले. सून ताट घ्यायला पुढं झाली. शिवलीलाच्या डोळ्यांतनं टिपं गळाय लागली. मला त्या म्हातारीचा असा राग आला म्हणताय! हिच्यासाठी पोरगीनं एवढं केलं, आणि ही बघा!

अज्जीनं नातीच्या दोन्ही दंडांकडं बघितलं.

"कुठल्या हाताला टोचलं?" तिनं विचारलं.

"डाव्या."

"मग उजव्यानं भरव की," अज्जी म्हणाली, आणि तिनं तोंड उघडलं.