तिसरं शील

तीन वर्षं मी पंचशीलातली चारच शीलं म्हटली. विहारात भन्तेजी एकेक ओळ पुढे सांगत, आम्ही मागून म्हणत असू. तिसरी ओळ आली की माझी जीभ टाळूला चिकटायची. व्यभिचारापासून दूर राहण्याचं ते शील. माझं ते मोडलंय, अशी माझी खात्रीच होती.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी नाशिकरोडच्या वसाहतीत राहत होते, बालवाडीत शिकवत होते. सायखेड्याला नात्यातल्या लग्नाला गेले असताना ओळखीतल्याच एका माणसाने माझ्यावर बळजबरी केली. एवढंच लिहिते. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "कुणाला बोलू नको, बाई. आपलीच अब्रू जाईल." तीही रडतच म्हणाली, त्यामुळे तिच्यावर धड रागावताही येईना. एरवी मी इतकी तोंडाळ, की ही असताना रेडिओ कशाला, म्हणून शेजारी चिडवत. ती मी गप्प झाले. ध्यानाला डोळे मिटले की तोच माणूस पुढे उभा राहायचा, म्हणून ध्यानही सुटलं. मला फार काही नको होतं. सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून ती एक ओळ म्हणायची होती. तिच्यासाठी किती झुरले, ते माझं मला ठाऊक.

एका बुद्धपौर्णिमेला आम्ही सकाळीच पांडवलेण्यांवर गेलो. वंदना झाली, लोक लेणी बघायला पांगले. मी पायरीवर बसून राहिले. वंदनेला माझ्या शेजारी असलेली एक अनोळखी म्हातारी जवळ येऊन टेकली. विंचूरला कांदे निवडायला जाते म्हणाली. मग एकदम विचारलं, "पोरी, तिसऱ्याला तुझा आवाज का गं बंद झाला?"

माझे डोळे भरून आले. तिने खोदून विचारलं नाही. "हात धरू का?" एवढंच म्हणाली. त्या लग्नानंतर मला हात लावण्याआधी कुणी विचारलं नव्हतं. मी मान हलवली.

"मी बी लय वरसं गप व्हते," ती म्हणाली. "आता तूच सांग, ज्याच्या घरी चोरी झाली, त्यानं दुसरं शील म्हणायचं सोडलं का कधी?"

दुसरं शील चोरी न करण्याचं. वसाहतीतल्या मुलांना शीलांचे अर्थ सांगणारी बाई मी! 'समादियामि' म्हणजे 'मी ग्रहण करते', हे मीच त्यांच्याकडून घोकून घेत असे. मी काय करणार नाही, याचं ते वचन. माझ्यावर कुणी काय केलं, याचा त्यात शब्दही नाही. शील त्याने मोडलं आणि तोंड मी बंद केलं.

"डोळे मिटू नको," ती म्हणाली. "पाय दगडावर टेकलेत ना, ते बघ. श्वास येतोय, जातोय, तो बघ. भ्याव वाटलं तर वाटू दे, हाकलू नको." पायरीवर ऊन येईपर्यंत आम्ही तशाच बसलो. मग तिच्या लोकांनी हाक मारली आणि ती गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

पुढे दोनदा विंचूरला गेले, कांद्याच्या बाजारात बायकांची तोंडं बघत हिंडले. ती भेटली नाही. आजही तशी कुणी दिसली की पाय अडतात. तिचे उपकार कुठे फेडू? ती नेमकी माझ्याच शेजारी का बसली, यावर मी वाद घालत नाही. भीती एका दिवसात गेली नाही. उघड्या डोळ्यांनी श्वास बघत वर्षं काढली. वंदनेतल्या 'शरण' या शब्दाचाही मला धसका होता. बळापुढे हरणं म्हणजेच शरण, असं वाटे. आता कळतं, हिसकावून घेतात ते शरण नव्हे. आपल्या पायांनी जातो, ते शरण.

त्या भेटीनंतरच्या पुढच्याच पौर्णिमेला भन्तेजींनी तिसरी ओळ सांगितली. माझा आवाज फुटला तोवर सगळ्यांचं म्हणून झालं होतं. भरल्या विहारात मी एकटीच अडखळत म्हणत होते. भन्तेजी चौथ्या ओळीकडे गेले नाहीत, थांबले. आणि बोलू नको म्हणणारी माझी आई, माझ्याबरोबर ती ओळ दुसऱ्यांदा म्हणू लागली.