नागुमोसानच्या घोड्याची कमान

मिसोचं सूप उकळू नये म्हणून मी गॅस बारीक केला होता आणि आमचे हे एक मोजा हातात धरून दुसरा शोधत होते. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

"शेजारच्या नागुमोसान," हे म्हणाले. "आज मुळ्याचं लोणचं की टॉवेल? लोणचं असेल तर नको-नको म्हणत बसू नकोस."

किनुए नागुमो सत्तरी ओलांडलेल्या. जन्मभर किमोनो शिवले, नवरा गेल्यावर गावातल्या केंद्रात जाऊन सुतारकाम शिकल्या. का, असं विचारलं तर म्हणायच्या, "कापड चुकलं तर उसवता येतं. लाकूड उसवता येत नाही. तीच तर मजा." करवतीचं मशीन लावायचं असलं की आधी गल्लीतल्या प्रत्येक घरी काहीतरी घेऊन जायच्या आणि कमरेत वाकून म्हणायच्या, "थोडा आवाज होईल, सांभाळून घ्या." मग मशीन सुरू झालं की आम्ही सगळ्या आपापल्या खिडक्या लावून घ्यायचो. उघड्या राहिल्या तर त्यांना अवघडल्यासारखं होईल म्हणून.

आज त्यांच्या हातात काहीच नव्हतं. उजवा हात त्यांनी डाव्या हातात धरला होता, दुसऱ्याचं मूल सांभाळायला घ्यावं तसा.

"कासुयासान, जरा येता?"

मी गॅस बंद करून त्यांच्यामागून शेडमध्ये गेले. नातवासाठी त्या झुलता घोडा करत होत्या. घोड्याखालच्या दोन कमानी तंतोतंत सारख्या हव्यात, नाहीतर घोडा लंगडतो. म्हणून दोन फळ्या एकमेकींना चिकटवून, वर फर्मा ठेवून रेघ मारलेली. रेघेच्या केसभर बाहेरून कापायचं आणि उरलेलं कानशीनं घासत रेघेपर्यंत आणायचं, ही त्यांची पद्धत. अर्ध्यापर्यंत काप रेघेला धरून सुरेख वळला होता. तिथून पुढे तो रेघ तोडून सरळ आत घुसला होता, दोन्ही फळ्यांतून.

"हे कधी झालं?"

"काल सकाळी. वळणावर आले आणि हात मेला. दिसत होता, फळीवरच होता, पण माझा नव्हता. पातं चालूच. फळी सरकत होती, तिच्याबरोबर बोटंही."

"मग?"

"डाव्या हातानं बाही धरून ओढला. बटण पलीकडे, तिथवर पोचेना. तुम्हाला हाका मारल्या."

मला काही ऐकू आलं नव्हतं. कुणालाच आलं नसणार. गल्लीतली एकूण एक खिडकी बंद होती.

"डॉक्टरकडे चला, आत्ताच," मी म्हणाले.

"सोमवारी जायचंय, नंबर लावलाय. पण लेकीला कळलं की ती नागोयाला घेऊन जाईल. तिथे सातव्या मजल्यावर करवत? खेळण्यातलीसुद्धा ठेवू द्यायची नाही." त्या हसल्या, पण डोळे पात्यावरच होते. "काल रात्री चॉपस्टिक दोनदा पडल्या. मला भीती वाटते, कासुयासान. बोटांची वाटते, आणि घोडा अर्धा राहील याची जास्त वाटते."

"मग कमानी दुसऱ्या कुणाकडून कापून घ्या ना. केंद्रातले तुमचे सर आहेत."

"सर छान कापतील. पण मग तो सरांचा घोडा."

नव्या दोन फळ्या चिकटवून तयार होत्या. रेघही मारलेली, थोडी थरथरलेली. त्यांनी शेडची खिडकी सताड उघडली, चष्मा पुसला आणि उजव्या हाताची बोटं एकेक करून मिटली, उघडली. करंगळी मागे राहिली.

"लोणचं आज आणलं नाही, माफ करा," त्या म्हणाल्या. "मी कापत असेन तेवढा वेळ बटणापाशी उभ्या राहा. माझा हात ढिला पडलेला दिसला की मला न विचारता मशीन बंद करा."