खिडकीजवळचा कोष

फोडणीत कढीपत्त्याचा वास उठला की माझी धाकटी लेक आठवते. आजारानं अंथरुणाला खिळायच्या आधी पोरगी सारखी फुलपाखरांमागं. "आई, धरणाकाठची येगळी, माळावरची येगळी, आपल्या कढीपत्त्यावरची तर लयच येगळी!" मग ती पडून असायची त्या खिडकीजवळच्या कढीपत्त्याला फुलपाखराचा एक कोष लटकला. "दोन दिवसांत फुटंल बघ, माझ्यासमोर," म्हणली होती. नवरात्र तोंडावर आलेलं, मी सगळं घर धुवायला काढलेलं. त्या घाईत वाळकं पान समजून कोषासकट फांदी छाटली अन् चुलीत घातली. तिनं पडल्या पडल्या पाहिलं. "जाऊ दे आई, तुला काय म्हाईत," एवढंच म्हणली. दिवाळीला ती नव्हती. इतकी वर्षं झाली, अजून वाटतं, बाई, त्या दिवशी तू माझ्याशी कडाकडा भांडायला पाहिजे होतंस.