आर्लीनचं मत

आर्लीन कोव्हॅचचा आवाज म्हणजे नुसता उकडलेला बटाटा. ना मीठ, ना तिखट. आमच्या धंद्यात असा आवाज लाखात एक. यंगस्टाउनला बुटांच्या एका बंद पडलेल्या दुकानात बसून आम्ही देशभर फोन लावतो आणि लोकांची मतं विचारतो. प्रश्न छापलाय तसाच वाचायचा, आपलं मत श्वासातूनसुद्धा कळू द्यायचं नाही, शेवटी 'तुमचा वेळ दिल्याबद्दल आभारी आहे' म्हणून फोन ठेवायचा. मी कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत बसून सगळ्यांचं बोलणं ऐकते. कुणी घसरलं की ती मुलाखत पुसायची आणि त्याला घरी पाठवायचं, हे माझं काम. लोक मला तोंडावर लोर्ना म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

आर्लीन बावीस वर्षांत एकदाही घसरली नाही. ताकास तूर लागू दिली नाही कधी. तिकडे युद्ध पेटलं तसा आमच्याकडे दर महिन्याला एकच प्रश्न यायला लागला: तुमची सहानुभूती कुणाकडे जास्त आहे, इस्रायली लोकांकडे की पॅलेस्टिनी लोकांकडे? उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची या देशात काय कमी! एक म्हणे, "आमच्या पाद्रीबाबांना विचारून सांगतो." दुसरी म्हणे, "यातले आपले कोणते तेवढं सांग बाई, चुलीवर सूप ठेवलंय." कॉलेजातल्या एकाने चाळीस मिनिटं इतिहास शिकवला आणि शेवटी विचारलं, "गाझाला समुद्र आहे का हो?"

फ्लोरिडातल्या एका बाईचा भाचा इस्रायलमध्ये ऑक्टोबरच्या त्या हल्ल्यात मारला गेला होता. प्रश्न ऐकून ती हमसून हमसून रडायला लागली. आर्लीन तीन सेकंद थांबली आणि तिने तोच प्रश्न तशाच आवाजात पुन्हा वाचला. ते रेकॉर्डिंग मी नव्या भरतीला नमुना म्हणून ऐकवते. ऐकताना जिच्या डोळ्यांत पाणी येतं तिला मी घेत नाही.

तर अशा या आर्लीनची सून रूला. बापाकडची माणसं सगळी गाझाची, स्वतः वाढली मिशिगनला, डिअरबॉर्नमध्ये. सासूला नावाने हाक मारणं तिला कधी जमलं नाही, 'खालती' म्हणायची, म्हणजे मावशी. नात लीना चार वर्षांची. आर्लीनच्या आयुष्यात दुसरं होतं काय? सहा दिवस उकडलेला बटाटा आणि रविवारी लीना.

रूलाची बहीण लग्न करून गाझातच राहिलेली; फेब्रुवारीत तिच्या घरावर बॉम्ब पडला. बहीण गेली, तिची तीन मुलं गेली. व्हिडिओवर ती मुलं आर्लीनलाही 'तेता' म्हणायची, आजी. आर्लीन कोबी घातलेल्या शेवयांचं पातेलं घेऊन मुलाकडे गेली. तिथे काय झालं ते तिनेच मला सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं.

रूला म्हणाली, "खालती, टीव्हीवर जो तो बोलतोय. तुम्ही पण एकदा बोला ना. ही मुलं मारली ते वाईट झालं, एवढंच म्हणा."

आणि आर्लीन म्हणाली, "यात बरोबर किंवा चूक असं काही उत्तर नसतं."

फोनवर माणूस अडखळला की आम्ही हेच म्हणतो. बाईच्या तोंडून आपसूक निघून गेलं.

"मी काय तुमच्या यादीतला नंबर आहे का?" रूलाने पातेलं परत तिच्या हातात दिलं. "एक वाक्य बोलता येईल तेव्हा या. तोवर लीना भेटणार नाही. एप्रिल संपला की आम्ही डिअरबॉर्नलाच जातोय."

मी इतकी हसले की घास नाकात गेला. म्हटलं, "अगं, खोटं का होईना, बोलून टाक की! काय लागतं त्याला?"

"खोटं कशाला? मनात आहेच गं," आर्लीन म्हणाली. "पण तोंड उघडलं की प्रश्नच बाहेर येतो."

"मग प्रश्नच विचार. दुःख खूप झालं, बऱ्यापैकी झालं, की मुळीच झालं नाही?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती मान खाली घालून पाव कुरतडत राहिली.

आठ रविवार गेले. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी दुपारी तिने नेब्रास्काच्या एका म्हाताऱ्याला फोन लावला. मी ऐकत होते. म्हातारा म्हणाला, "तिकडची पोरं? किड्यांचीच पिल्लं ती. मोठी झाली की किडेच होणार. लिही, हेच लिही."

आर्लीनने पुढचा प्रश्न वाचला नाही.

"तीन मुलं होती त्या घरात," ती म्हणाली. "धाकटा अनीस. दात पडला की मला दाखवायला पळत यायचा. त्यांना मारलं ते पाप झालं, साहेब. मोठं पाप झालं. आणि मला ते त्यांच्या मावशीला सांगता आलं नाही."

"तू आहेस तरी कोण?" म्हणत म्हाताऱ्याने फोन आपटला.

माझ्या अंगावर काटा आला, नाही कशाला म्हणू? पण बावीस वर्षं मी जिच्या जिवावर मिरवले तिनेच माझं नाक कापलं, याची चीड त्याहून मोठी होती. दहा मिनिटांत मी तिला नोकरीवरून काढलं.

ती काचेच्या खोलीत आली. नोकरीबद्दल चकार शब्द नाही. म्हणाली, "लोर्ना, ते माझं बोलणं तेवढं दे. रूलाला ऐकवते. पुन्हा नाही जमायचं मला."

"नियम माहीत आहे ना तुला?"

"बावीस वर्षांत तुझ्याकडे काही मागितलंय का मी?"

मी तिच्यादेखत बटण दाबलं आणि पुसून टाकलं.

पुढचं मला तिच्या मुलाने, डेनिसने सांगितलं. चार दिवसांनी पेट्रोल पंपावर भेटला. मागच्या ट्रेलरला लीनाचा पलंग बांधलेला, मागच्या सीटवर लीना.

"शनिवारी आई आली होती," तो म्हणाला. "दारात उभी राहिली. ओठ नुसते हलत होते. रूला थांबली गं तिच्यासाठी, बराच वेळ थांबली. शेवटी आई म्हणाली, 'तुमचा वेळ दिल्याबद्दल आभारी आहे,' आणि गाडीत जाऊन बसली."

मी माझ्या गाडीच्या टाकीत नळी लावली.

"लोर्ना, रूला सारखी विचारते. आई कामावर तरी कधी काही बोलली का? एखादा शब्द?"

मी पंपाच्या नळीकडे बघत राहिले. म्हटलं, "नाही रे. कधीच नाही."

"वाटलंच होतं," तो म्हणाला, आणि लीनाचा पट्टा घट्ट करून त्याने गाडी सुरू केली.