चार मालक आणि जिन्याखालचा कोनाडा

पांग यिऊ-केई किल्ल्या बनवत असे. हाँगकाँगच्या शेउंग वान भागातील एका सव्वीस मजली कार्यालयीन इमारतीच्या दर्शनी जिन्याखाली एक माणूस जेमतेम मावेल एवढा कोनाडा होता. तीच त्याची बसायची जागा. इमारत उभी राहण्यापूर्वी तिथेच पदपथावर त्याच्या वडिलांचा ठेला होता. त्या ठेल्यासाठी वास्तुरचनाकाराने मुद्दाम जिना वळवला, असे पांग गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगे. मूळ आराखड्यावरून तसे दिसत नाही. जमिनीखालून जुना नाला जात होता. त्याला चुकवताना जिना वळला आणि कोनाडा आपसूक उरला.

पहिला मालक जहाजवाला चोई. त्याने दार समुद्राकडे ठेवले. पुढे समुद्रात भर पडून समोर दुप्पट उंचीची इमारत आली, तेव्हा दुसऱ्या मालकाने, एका विमा कंपनीने, दार रस्त्याकडे फिरवले. तिसऱ्याने आत कारंजे बसवले. प्रत्येकाने नाव बदलले, प्रत्येकाने फेंगशुईच्या गुरूला विचारले. पांगही प्रत्येक नव्या मालकाला नववर्षाला छोट्या संत्र्यांच्या झाडाची कुंडी नेऊन देई. कोनाडा त्या कुंडीमुळे टिकला, अशी त्याची ठाम समजूत होती.

चौथा मालक म्हणजे एक गुंतवणूक निधी.

“कुंडी कुणाकडे नेऊ?” त्याने इमारतीच्या व्यवस्थापक इपबाईंना विचारले.

“शेकडो गुंतवणूकदार आहेत, पांगकाका. एकेक संत्रं वाटत बसा!” त्या हसल्या आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “ऐका माझं. नव्या आराखड्यात जिना तसाच आहे. तुमचं नाव कुठंच नाही, हेच तुमचं नशीब. फेंगशुईचे गुरुजी पाहणीला येतील त्या दिवशी शटर ओढा आणि घरी बसा.”

“बापाच्या जागेवर बसतो मी. चोरासारखा लपू?”

पाहणीला सितू गुरुजी आले. त्यांच्या घराच्या किल्ल्या पांगनेच बनवलेल्या, ओळख जुनी. गुरुजी होकायंत्र घेऊन दाराशी उभे राहताच पांगने किल्ल्या कापायचे यंत्र सुरू केले. पितळ किंचाळले. निधीचे दोन तरुण अधिकारी दचकून वळले. तोपर्यंत त्यांना कोनाडा दिसलाच नव्हता.

“गुरुजी, सांगा की यांना,” पांग उत्साहाने म्हणाला. “दाराशी धातू वाजतोय. तुमच्याच शास्त्रात धातूतून पाणी उपजतं, अन् पाणी म्हणजे पैसा! मी इथं आहे म्हणून तर इमारत चालली.”

“आता मला शिकवतोस का रे?” गुरुजी हसले; पण हसू टिकले नाही. त्यांनी दारावरच्या नव्या पाटीकडे पाहिले. निधीने इमारतीला दिलेल्या नावाचा अर्थ होता ‘घनदाट अरण्य’.

“बोला ना, गुरुजी,” एक अधिकारी म्हणाला.

“धातू लाकूड कापतो,” गुरुजी पांगकडे न बघता म्हणाले. “अरण्याच्या तोंडाशी करवत नको.”

“गुरुजी, मी यंत्र बंद ठेवतो. कानसच वापरीन.”

“कानसही धातूचीच ना, यिऊ-केई.” मग ते पुटपुटले, “विचारलं नसतंस तर मी बोललो नसतो.”

कोनाडा रिकामा करण्याची नोटीस त्याच आठवड्यात आली. इपबाईंनी ती स्वतः आणून दिली.

“काय सांगितलं होतं मी?” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

पांग कोऱ्या किल्ल्या खिळ्यांवरून उतरवत राहिला. मग एकदम म्हणाला, “इथं ते काय करणार आहेत?”

“काही नाही. भिंत घालणार.”

“आत?”

“आत काहीच नाही.”

जिना आजही तसाच वळलेला आहे. वळणाखाली गुळगुळीत हिरवा दगड बसवला आहे. ठोकला तर पोकळ वाजतो. पांग पलीकडच्या टपऱ्यांच्या बाजारात मिळेल ते काम करतो. या रस्त्याने मात्र तो येत नाही.